वाचलं तर कळवा, आणि नेमकं कळवा

दिवाळी अंकांचा ढीग अजून अर्धा बाकी आहे पण मधेच थांबून हे लिहून घेतेय, कारण बरेच दिवस डोक्यात हेच चालू आहे. आपण वाचतो, गाणं ऐकतो, नाटकं बघतो, कोणाच्या तरी चित्रासमोर दोन मिनिटं उभे राहतो, आणि ज्याने ते केलं त्याला एकतर काहीच सांगत नाही किंवा सांगतो ते इतकं मोघम असतं की त्याच्या हाताला काही लागतच नाही.

आमच्या राजेंद्र नगरात एक काकू आहेत, रिटायर झाल्यावर कथा लिहायला लागल्या. यंदा त्यांची कथा पुण्याच्या एका दिवाळी अंकात आली. इंदूरमध्ये बसून मराठीत लिहायचं, घरात नातवंडं हिंदीत बोलतात, भाजीवाल्याशी हिंदी, बँकेत हिंदी, आणि तरी रोज दुपारी दोन तास टेबलाशी बसून मराठी वाक्य घासत बसायचं, ही साधी गोष्ट नाहीये. अंक आला, त्यांच्या मुलाने कॉलनीच्या ग्रुपवर पानांचे फोटो टाकले, आणि धडाधड आलं, अप्रतिम काकू, खूप सुंदर, अभिनंदन, हात जोडलेले, फुलं, टाळ्या. संध्याकाळी बागेत भेटल्या तर मला म्हणाल्या, "अगं, सगळे आवडली म्हणून राहिले, पण वाचली कोणी तेच कळून नाही राहिलं."

मी वाचली होती. मी म्हटलं, "काकू, ती सून कुकरच्या शिट्ट्या मोजते आणि तिसरी झाल्यावरही गॅस बंद करत नाही, नुसती उभी राहते, तिथे मी थांबले आणि परत मागे जाऊन वाचलं, कारण तोपर्यंत मला वाटत होतं की तिला काही कळलेलंच नाहीये." काकू एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ती जागा मी काढून टाकली होती गं. वाटलं कोणाच्या लक्षात येणार नाही. शेवटच्या दिवशी परत घातली."

माझं म्हणणं एवढंच आहे खरं तर. एखाद्याने आपल्या कामात एक जागा ठेवलेली असते, ती ठेवू का काढू यात त्याची रात्र गेलेली असते, आणि ती पोचली की नाही हे त्याला बाहेरूनच कळू शकतं, आतून कधीच कळत नाही. ग्रुपवरच्या शंभर फुलांमधून ते कळत नाही. एका माणसाने एका वाक्यात सांगितलं तर कळतं, आणि पुढची कथा लिहिताना तशी जागा तो मग बिनधास्त ठेवतो. म्हणजे वाचणाऱ्याने सांगितलेलं एक वाक्य पुढच्या कथेत जाऊन बसतं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते आणि आपण ती फुकट घालवून राहिलो आहोत.

आणि हे मी इंदूरमध्ये बसून म्हणतेय याला कारण आहे. या गावाने ऐकणाऱ्या माणसाला मान दिलाय. रामूभैया दाते, अरुण दाते यांचे वडील, स्वतः मैफिली करणारे गवई नव्हते, त्यांचं नाव झालं ते रसिक म्हणून, ऐकणारे म्हणून. मोठमोठे गवई त्यांच्याकडे यायचे, त्यांच्यासमोर गायचे, पु. लं. नी त्यांच्यावर अख्खा लेख लिहिला. आपल्या सानंद न्यासाचे, म्हणजे इथे मराठी नाटकं आणणाऱ्या संस्थेचे, प्रेक्षकांचे जे गट आहेत नं, त्यातला एक त्यांच्या नावाचा आहे, मामा मुजुमदारांच्या नावाचा गट आहे, राहुल बारपुत्यांच्या नावाचा आहे. मामा गाणारे, बारपुते नईदुनिया या हिंदी दैनिकाचे संपादक, आणि त्यांच्या रांगेत एक दाद देणारा माणूस. मी नाटकाला जाते तेव्हा पासवर गटाचं नाव बघून मला दर वेळी बरं वाटतं. दुसऱ्या कुठल्या शहरात श्रोत्याच्या नावाने असं काही असेल तर मला जरूर सांगा.

दाद म्हणजे सुद्धा कुठेही क्या बात है ओरडणं नव्हे. उस्ताद अमीर खाँ साहेब इंदूरचे, त्यांचं गाणं ज्यांनी रेकॉर्डवर ऐकलंय त्यांना माहीत असेल, अतिविलंबित झूमरा ताल, चौदा मात्रा, आणि लय इतकी संथ की एक आवर्तन पुरं व्हायला जवळजवळ मिनिटभर लागतं. त्या मिनिटभरात ऐकणारा कुठेही भटकू शकतो, मोबाईल तेव्हा नव्हते पण घरचे विचार तर होतेच. पण जो धरून बसलाय, मनात मात्रा चालू आहेत, त्याच्या तोंडून समेवर, म्हणजे फेरी पुरी होऊन परत पहिली मात्रा येते तिथे, आपोआप आवाज निघतो, आणि गाणाऱ्याला कळतं की हा माणूस सबंध वेळ माझ्याबरोबर होता. जो माणूस समेच्या आधी किंवा नंतर वाहवा करतो त्याचंही प्रेम असतं, नाही असं नाही, पण गाणाऱ्याला त्यातून कळत काही नाही. आमचे बाबा सांगायचे की आधी ऐकायला शिका, मान आपोआप हलेल. बाबांना स्वतःला सा कुठे लागतो ते कळायचं नाही पण सम त्यांची चुकत नसे.

लिहिलेल्याला दाद देताना सम कुठे असते? माझ्या मते जिथे तुम्ही थांबलात तिथे. पुस्तक खाली ठेवलंत, चहा निवला, मागचं पान परत उलटलंत, तीच जागा. म्हणून मी वाचताना हातात पेन्सिल ठेवते आणि थांबले तिथे समासात बारीक टिंब देते, काही लिहीत नाही, नुसतं टिंब. पूर्ण वाचून झालं की टिंबं बघायची. कधी कधी सगळी टिंबं एकाच पात्राच्या आसपास निघतात आणि तेव्हा मला कळतं की ही कथा मला त्या पात्रासाठी आवडली, विषयासाठी नाही. हे मला स्वतःलाही आधी माहीत नसतं. लायब्ररीचा अंक असेल तर अर्थातच पेन्सिल नाही, कागदाच्या चिठ्ठ्या.

मग दुसऱ्यांदा वाचायचं. याला पर्याय नाही, निदान कळवायचं असेल तर नाही. पहिल्या वाचनात आपण पुढे काय होतं याच्या मागे असतो, लेखकाने काय करून ठेवलंय ते दुसऱ्या वेळी दिसतं. चार पानांची कथा परत वाचायला वीस मिनिटं लागतात, ज्याने लिहिली त्याला महिने लागलेत, तेवढं आपण देऊ शकतो.

माझा मावसभाऊ बडोद्याला फाइन आर्ट्सला होता, एम. एस. युनिव्हर्सिटीत. ती फॅकल्टी १९५० ला सुरू झाली आणि तिथल्या पेंटिंग डिपार्टमेंटला वळण लावणारे बेंद्रे आपले इंदूरचे, नारायण श्रीधर बेंद्रे, इथेच देवळालीकर मास्तरांकडे शिकलेले, हे आम्ही इंदूरवाले संधी मिळाली की सांगतोच. तर भाऊ सांगायचा, त्यांचे एक सर होते, कोणाचं चित्र भिंतीवर लागलं की बाकीच्यांना पहिली दहा मिनिटं फक्त काय दिसतंय ते सांगायला लावायचे. चांगलं वाईट बोलायचं नाही, आवडलं म्हणायचं नाही. डाव्या कोपऱ्यात पिवळा आहे, तो दारापर्यंत येऊन थांबतो. बाईची नजर बाहेर आहे पण पाय आत वळलेत. असं. भाऊ म्हणायचा की दहा मिनिटं झाली की चित्र काढणारा अर्धा रडवेला व्हायचा, दुःखाने नाही, त्याने केलेलं सगळं कोणीतरी बघितलं म्हणून. आणि मग जी टीका व्हायची ती पण त्याला झेपायची, कारण आधी बघितलंय हे त्याला माहीत असायचं.

मी हेच लिहिताना करते. आधी काय दिसलं ते. "तुमच्या कथेत तीनदा पाऊस येतो आणि तिन्ही वेळा कोणीतरी दार लावून घेतं." एवढंच. यात स्तुती नाही, टीका नाही. पण ज्याने लिहिलं त्याला या वाक्यातून जे मिळतं ते "तुमची शैली ओघवती आहे" मधून कधीच मिळत नाही. ओघवती शैली, काळजाला भिडणारं, अंतर्मुख करणारं, ही वाक्यं कुठल्याही कथेला लावा, चिकटतात. जे वाक्य दुसऱ्या कुठल्याही कथेखाली चालून जाईल ते मी खोडते. ही एक कसोटी मी स्वतःसाठी ठेवलीये आणि तिच्यामुळे माझे निम्मे मेसेज अर्ध्याहून छोटे झालेत.

स्वतःबद्दल किती बोलायचं हा मोठा प्रश्न आहे. कथा वाचली की आपल्याला आपलंच काहीतरी आठवतं, ते साहजिक आहे, आणि ते सांगावंसंही वाटतं. सांगा, पण दोन ओळीत, आणि परत कथेकडे या. मी अशी पत्रं बघितलीयेत, काकूंनीच दाखवली, ज्यात पहिली ओळ "तुमची कथा वाचली" आणि पुढचं दीड पान पत्र लिहिणाऱ्याच्या सासूबद्दल. काकूंनी ते पण जपून ठेवलंय, त्या फार चांगल्या आहेत. पण कथेतल्या सासूबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

सगळ्यात कठीण जातं ते कोणी आपल्या माणसाच्या जाण्याबद्दल लिहिलं असेल तेव्हा. गेल्या वर्षी ओळखीतल्या एका मुलीने तिच्या आईवर कविता लिहिली, आई गेल्यावर तिचा फोन उघडला तर त्यात नावं कशी सेव्ह केलेली, दूधवाला जुना, दूधवाला नवीन, बेबी शाळा, बेबी ऑफिस, बेबी घर, एकाच मुलीचे तीन नंबर आणि पहिला कधीच बंद झालेला. त्या कवितेखाली लोकांनी काय लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर आत्म्याला शांती देवो. लोकांचं मन चांगलंच होतं, याबद्दल मला शंका नाही. पण तिने कविता लिहिली होती, बातमी दिली नव्हती. मी तिला लिहिलं की बेबी शाळा हा नंबर आईने डिलीट केला नाही, त्या ओळीवर मी अडकले, आणि तू तो डायल केलास की नाही हे कवितेत सांगितलं नाहीस ते फार बरं केलंस. तिचा रात्री उशिरा मेसेज आला, लांब, त्यात आईबद्दल अजून खूप काही होतं जे कवितेत नव्हतं. मला वाटतं अशा वेळी सांत्वन करण्यापेक्षा त्या माणसाने ज्या बारीक गोष्टी वाचवून आणल्यात त्यातली एक हातात घेणं जास्त गरजेचं असतं.

मध्य प्रदेशात मराठी लिहिणाऱ्यांना हे थोडं जास्तच लागू आहे असं मला वाटतं. साहित्य संमेलनं इथे झालीयेत की, इंदूरला १९१७, १९३५ आणि २००१, ग्वाल्हेरला १९६१. आणि गंमत बघा, ग्वाल्हेरच्या अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष, आणि इंदूरच्या २००१ च्या विजया राजाध्यक्ष, दोघी कथाकार तर होत्याच पण दोघी समीक्षक. दुसऱ्याचं लिहिलेलं लक्ष देऊन वाचणाऱ्या बायका. विजयाबाईंनी मर्ढेकरांच्या कवितेवर केवढं मोठं काम केलं, एका कवीच्या मोजक्या कवितांना इतकी वर्षं देणारा वाचक मिळणं हे त्या कवितेचं भाग्यच. पण संमेलन तीन दिवसांचं. मंडप उतरला की इथला लिहिणारा परत एकटा. पुण्यात निदान कोपऱ्यावरच्या दुकानात कोणीतरी म्हणतं, अहो तुमचं वाचलं. इथे तसं म्हणणारा माणूस मिळायला महाराष्ट्र साहित्य सभेच्या कार्यक्रमापर्यंत थांबावं लागतं.

या भागातले मुक्तिबोध बंधू आठवतात मला. गजानन माधव हिंदीत लिहायचे, धाकटे शरच्चंद्र मराठीत, एकाच मराठी घरातले. शरच्चंद्रांना १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो समीक्षेच्या पुस्तकासाठी. आणि गजानन माधवांचा स्वतःचा पहिला कवितासंग्रह आला १९६४ मध्ये, त्याच वर्षी ते गेले, छापलेला संग्रह त्यांना बघायलाही मिळाला नाही. त्याआधी १९४३ च्या तार सप्तक या सात कवींच्या संग्रहात कविता होत्या, मासिकांत येत होत्या, पण स्वतःच्या नावाचं कवितांचं पुस्तक नाही. मग इतकी वर्षं त्या माणसाला कोण सांगत होतं की तुझं पोचतंय? मित्र. पत्रांतून. नेमिचंद्र जैन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार नंतर पुस्तकरूपाने आला, तो वाचताना मला सारखं वाटत होतं की वाचणारा एक जरी पक्का असला, तरी केवढं बळ येतं. हिंदीतल्या एवढ्या मोठ्या कवीला जे लागलं ते आपल्या काकूंना लागणार नाही असं कसं होईल.

आणि पत्र लिहायला माणूस समाजप्रिय असावा लागतो असंही काही नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, लोकांना भेटायचं टाळायचे, सभासमारंभ तर नाहीच, पण पत्रं लिहायचे ती लांबलचक, वाचलेल्या पुस्तकांबद्दल भरभरून, त्यांच्या पत्रांचेच खंड निघालेत. हे मी मुद्दाम सांगतेय कारण मला बरेच जण म्हणतात, ताई मला बोलता येत नाही, मी काय कळवणार. अहो, बोलता येत नाही त्यांच्यासाठीच तर लिहिणं आहे.

कुठून कळवायचं, तर आता सोपं झालंय, बऱ्याच अंकांत लेखकाचा फोन नाहीतर ईमेल असतो. पण मी अजून मधूनमधून पोस्टकार्ड टाकते. पन्नास पैशात जातं. जागा कमी असल्यामुळे फाफटपसारा आपोआप निघून जातो, एक निरीक्षण, एक प्रश्न, सही, संपलं. आणि वयस्कर लेखकांना कार्ड हातात आलं की बरं वाटतं, ते पुस्तकात घालून ठेवतात. पत्ता लिहिताना मला अजून एक गोष्ट आवडते, आपला ४५२ आणि मुंबईचा ४००, दोन्ही चारनेच सुरू होतात, पिनकोडच्या हिशोबात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश एकाच झोनमध्ये आहेत. १९७२ साली पंधरा ऑगस्टला पिनकोड सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ स्वतः संस्कृतात कविता आणि नाटकं लिहायचे. त्यांना किती वाचकांची कार्डं आली असतील कोण जाणे, येवोत बापडी भरपूर असं वाटतं.

उशीर झाला म्हणून कळवायचं सोडू नका. मनोरंजन मासिकाचा दिवाळी अंक १९०९ चा, मराठीतला पहिला म्हणतात तो, तिथून धरलं तर शंभराहून जास्त दिवाळ्यांचे अंक कुठल्या ना कुठल्या कपाटात पडलेत, आणि अंक जुना झाला म्हणून कथा जुनी होत नाही. मी एकदा सात-आठ वर्षं जुन्या अंकातली कथा वाचून लेखकाला फोन केला, ते म्हणाले, अहो ती कथा आली तेव्हा एकही फोन नव्हता आला, मी ती बाद धरली होती. त्यांनी मग ती संग्रहात घेतली. त्या संग्रहात ती मला सगळ्यात वर वाटते, अजूनही.

आता न पटलेल्याचं काय. यावर आमच्या घरी वाद होतो. यांचं म्हणणं, आवडलं तर कळवावं, नाही आवडलं तर गप्प बसावं, कशाला कोणाला दुखवायचं. मला हे पटत नाही. जो मन लावून काम करतो त्याला खोटी गोड स्तुती ओळखू येते आणि ती जास्त लागते. पण वेळ आणि जागा बघावी लागते हे मात्र खरं. नाटक संपल्यावर मेकअप उतरवत असलेल्या पोरांना रंगमंचामागे जाऊन "दुसरा अंक लांबला" असं सांगणारे लोक मी पाहिलेत आणि त्या पोरांचे चेहरेही पाहिलेत. हौशी एकांकिका, दिवसभर नोकरी करून रात्री दहा ते बारा तालमी केलेल्या, सेट स्वतः टेम्पोतून आणलेला. त्या रात्री फक्त एक चांगली गोष्ट सांगायची, खरी आणि नेमकी, "तू पत्र फाडलंस ना, ते हळू फाडलंस, त्याने मी हललो." बस. दुसऱ्या अंकाचं दोन दिवसांनी, फोन करून, आणि तेही प्रश्न म्हणून. "तो भाऊ परत येतो तो प्रसंग ठेवण्यामागे तुमचा विचार काय होता?" कधी कधी उत्तर असं येतं की आपलंच मत बदलतं. नाही बदललं तरी समोरच्याला आपण विचारलंय याचा राग येत नाही.

चुका दाखवायच्या असतील तर त्या सगळ्यांसमोर कधीच नाही. आणि शुद्धलेखनाच्या चुका तर मी फक्त विचारलं तरच सांगते, एखाद्याने बापाच्या मरणावर लिहिलंय आणि आपण त्याला वेलांटी सांगतोय, हे मला बघवत नाही. तथ्याची चूक असेल तर खासगीत, आणि बरोबर काय आहे ते पुरावा किंवा माहिती देऊन. नुसतं "हे चूक आहे" म्हणून सोडून दिलं तर त्या माणसाने करायचं काय?

यंदाच असं झालं. एका अंकात चांगली कथा आलीये, लेखक महाराष्ट्रातले, कथा घडते इंदूरला १९७० च्या आसपास, दोन मित्रांची, आणि त्यात ते दोघं मे महिन्याच्या दुपारी सराफ्यात उभे राहून गराडू, म्हणजे तळलेला कंद, खातात. आता इंदूरचं पोरही सांगेल, सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकानं, खाण्याच्या गाड्या लागतात त्या रात्री, दुकानं बंद व्हायला लागली की, आणि गराडू थंडीतली गोष्ट, मेमध्ये कुठून येणार. ग्रुपवर कोणीतरी लगेच टाकलं, यांनी इंदूर बघितलंय का भिया, आणि मग सगळे त्यावर तुटून पडले. कथा बाजूलाच राहिली. आणि कथा खरंच चांगली आहे, त्यात एक मित्र दुसऱ्याकडून उसने घेतलेले पैसे परत करतो तेव्हा नोटा मोजत नाही, आणि ज्याने उसने दिले होते तोही मोजत नाही, आणि दोघांनाही माहीत असतं की त्यात दहा रुपये कमी आहेत. असं लिहिणाऱ्या माणसाची गराडूवरून खिल्ली उडवायची?

मी त्यांना ईमेल लिहिला. आधी नोटांच्या प्रसंगाबद्दल, सविस्तर. मग विचारलं की धाकटा मित्र गाव सोडताना मागे वळून बघत नाही ते तुम्ही आधीपासून ठरवलं होतं का. आणि शेवटी लिहिलं की सराफ्याचा प्रसंग रात्रीचा केला तर दोन मित्रांमधला तो अवघडलेपणा जास्त खुलेल असं वाटतं, कारण तिथे रात्री इतकी गर्दी असते की बोलावंच लागत नाही, आणि महिना मे ठेवायचा असेल तर गराडूऐवजी दुसरं काहीतरी द्या, थंडी करायची असेल तर गराडू राहू द्या, वरून लिंबू आणि मसाला विसरू नका.

चार दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी लिहिलंय की प्रसंग रात्रीचा करतोय, संग्रहात तसाच जाईल, थंडी केलीये. आणि त्यांनी मला उलट प्रश्न पाठवलेत, एकामागून एक, गराडू तळताना आवाज कसा येतो, दुकानदार कागदात देतात की द्रोणात, आणि त्या काळी रात्री सराफ्यात उजेड कशाचा असायचा, विजेचे दिवे की गाड्यांवर गॅसबत्त्या. आवाजाचं मी लिहून टाकलं. कागद-द्रोणाचं आत्याने सांगितलं. उजेडाचं मात्र अडलंय, रामबागेतल्या दोन आजोबांना विचारलं तर एक म्हणतात गॅसबत्त्या होत्या, दुसरे म्हणतात छे, तोपर्यंत लाइट आली होती, आणि दोघंही आपलं सोडायला तयार नाहीत. तुमच्या घरी त्या वर्षांत सराफ्यात रात्री जाणारं कोणी असेल तर विचारून मला कळवा, त्यांचा संग्रह छापायला जायच्या आत मला पाठवायचंय.